कोण-आक्का आणि आतल्या खिडक्या

‘ही फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे’ असं संगणकाच्या पडद्यावर आलं की तुम्ही काय करता? खरं सांगा. मुकाट्याने ‘ठीक आहे’चं बटण दाबता ना? आजवर एकदा तरी उलटून विचारलंत का, की उघडली ती कोणी?

आमच्या अहमदपुरात एक बाई विचारायची. पडद्याकडे बोट रोखून, शेजारच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात. ‘कोणीतरी म्हंजे कोण? नाव न्हाई का त्याला? आईबापानं बारसं केलं न्हाई?’ आणि मग खुर्ची पुढे ओढून ती यंत्राच्या पोटातून ते नाव काढून आणायची. गाव तिला कोण-आक्का म्हणायचं.

हे नाव तिला संगणकामुळे पडलं नव्हतं. तिच्या भावाच्या परवान्याची फाइल एका कचेरीत अडकली होती. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, ‘फाइल वर गेली आहे.’ आक्काने विचारलं, ‘वर कोणाकडं?’ ते म्हणाले, ‘बाई, वर म्हणजे वर.’ इमारत एकमजली होती. आक्का पदर खोचून जिन्याने सरळ गच्चीवर गेली, सगळी गच्ची पाहून खाली आली आणि भरल्या कचेरीत म्हणाली, ‘वर कबुतरं हायेत. त्यातलं साहेब कोणतं, तेवढं सांगा. मी त्याच्याशी बोलते.’ फाइल त्याच टेबलाच्या खालच्या खणातून त्याच दुपारी निघाली. त्या दिवसापासून शहाणी माणसं आक्काला ‘कोणीतरी’ हा शब्द ऐकवत नसत.

तिचा भाऊ शिवाप्पा याचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मागच्या खोलीत आक्काचे दोन संगणक. पाटी नव्हती. पोत्यांच्या थप्प्यांमधून अंग चोरत आत जावं लागे. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या कपड्यांना आणि त्याच्या हातातल्या छापील कागदालाही शेंगदाण्याच्या पेंडीचा वास येई. नांदेडला बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी करून, नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती. मुलगी हैदराबादला. उंच बांधा, दोरीला लटकवलेला चष्मा, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. माहेर अहमदपूर, आजोळ मात्र पार उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळे रागाच्या भरात तिची मराठी संपे आणि कानडी सुरू होई. ‘कोण?’च्या जागी ‘यारु?’ ऐकू आलं की शिवाप्पासुद्धा गल्ल्यावरून उठून चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर जाई.

मी तिच्याकडे गेले ती एक पत्रक घेऊन. मी पत्रकांवरच वाढले. माझे वडील सायकलवरून गावोगाव पत्रकं वाटत, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गृहपाठ करी. एका बाजूला ‘धिक्कार असो’ आणि दुसऱ्या बाजूला सातचा पाढा, असं माझं शिक्षण. त्या काळात मी आमच्या भागाचा नवा जिल्हा व्हावा म्हणून झगडणाऱ्या समितीत होते. पत्रकाचा मसुदा तयार होता, पण फाइलमध्ये एक शब्द बदलू म्हटलं तर यंत्र देईना. कोणीतरी ती उघडली होती.

‘कोणाची गं तू?’ आक्काने चष्मा नाकावर चढवत विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं.

‘पत्रकवाल्याची? मग तुझं नाव काय ठेवलंय त्यानं, घोषणा?’

त्या दिवसापासून ती मला घोषणा म्हणू लागली. माझं खरं नाव तिने कधी विचारलं नाही. ज्या बाईला जगातल्या प्रत्येक कोणीतरीचं नाव हवं असे, तिला माझं नको होतं, याचा मला थोडा रागही यायचा.

तिने काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं. ‘हे बघ. तुझा छपाईचा प्रोग्रॅम. बंद झालो म्हणून सांगून राहिला आणि आत फाइलचा पदर धरून बसलाय.’ तिने त्याला उठवलं. फाइल मोकळी झाली.

‘हे नाव यंत्राला माहीत होतं?’ मी विचारलं.

‘तर! त्याला सगळं माहीत असतं.’

‘मग कोणीतरी असं खोटं कशाला सांगतं?’

‘खोटं न्हाई गं. पुढच्या खिडकीवरचा माणूस तेवढंच सांगतो. त्याला तेवढंच सांगायला बसवलंय.’

मग तिने मला खिडक्यांची गोष्ट सांगितली. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आपले संगणक चालतात, ती बनवणारी कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक जाडजूड माहिती छापते. अमुक हवं असेल तर या खिडकीवर असं मागा, तमुक हवं असेल तर त्या खिडकीवर तसं मागा. या झाल्या पुढच्या खिडक्या. पण या खिडक्यांवरची माणसंही स्वतः काही करत नाहीत. ती मागे वळून आतल्या खिडकीवर मागतात. आतल्या खिडक्या यंत्राच्या खऱ्या गाभ्याला लागून असतात. तिथे जलद मिळतं, जास्त मिळतं, पुढे न मिळणारंही मिळतं. फक्त त्यांच्याबद्दल कुठे काही छापलेलं नसतं. काय मागायचं, कोणत्या क्रमाने मागायचं, उत्तरात आलेल्या आकड्यांचा अर्थ काय, सगळं ज्याचं त्याने शोधायचं.

आक्काचा शोध म्हणजे पाहण्यासारखा सोहळा होता. ती अंदाजाने काहीतरी मागे. चुकलं की कधी तिचा प्रोग्रॅम जागीच मरे, तर कधी सगळं यंत्रच निळं पडे. ‘नेसलं बघ निळं लुगडं,’ ती म्हणे. पुढून शिवाप्पा ओरडे, ‘आक्का, किती पाडतीस त्याला दिवसातून? मुकं जनावर असतं तर चावलं असतं!’ आक्का आतून उत्तर देई, ‘तू सरकी वीक. ते बोलून राहिलंय माझ्याशी.’ आणि खरंच, निळ्या पडद्यावरचे आकडे ती एखाद्या नातलगाच्या निरोपासारखे वाचायची. कशामुळे पडलं ते कळलं की पुढचा अंदाज बरोबर निघे. मग ती लिंगाची डबी दोन बोटांनी हलकेच दाबून म्हणे, ‘हाव, आता कळलं.’

सकाळी दुकान उघडण्याआधी ती डावा तळहात पुढे धरून त्यावर इष्टलिंग ठेवी आणि पूजा करी. मी एकदा अवेळी पोचले तेव्हा पोत्यावर बसून पाहिलं. ना देऊळ, ना गाभाऱ्याचा उंबरठा, ना दक्षिणेसाठी ताटकळणारं कोणी. पूजा झाल्यावर ती म्हणाली, ‘बघितलंस? आमच्यात देवाला भेटायला मधे कोण लागत न्हाई. तळहात लागतो.’ आणि लगेच डोळा बारीक करून, ‘सवयच लागली बघ. यंत्रातबी मधलं माणूस दिसलं की मला खाज सुटते.’

मला हे सगळं फार आवडलं आणि मी तिथल्या तिथे पत्रक लिहिलं. ‘आतल्या खिडक्या कोणाच्या? जनतेच्या!’ असं वर ठळक. कंपनीने सगळ्या खिडक्यांची माहिती विनाविलंब जाहीर करावी, अन्यथा तीव्र आंदोलन. अहमदपुरात बसून जगातल्या बलाढ्य कंपनीविरुद्ध तीव्र आंदोलन कसं करायचं हे मी लिहिलं नव्हतं. ते पत्रकात कधीच लिहीत नाहीत.

आक्काने ते वाचलं. हसली नाही, आणि तेच वाईट होतं.

‘घोषणा, ते का छापत न्हाईत सांग बरं.’

‘दडवायचं असतं म्हणून!’

‘थोडं दडवायचंबी असंल. पण मोठी गोष्ट निराळी हाय. एकदा छापलं की निभवावं लागतं. पुढच्या खिडकीवर आज जे देतात ते दहा वर्षांनी मागितलं तरी तसंच द्यायचं, असा तो शब्द असतो. आतल्या खिडकीबद्दल त्यांनी शब्दच दिला न्हाई. उद्या ती हलवतील, बुजवतील. तू बोंब कशाची मारणार? दिलेला शब्द मोडला तर बोंब.’ मग माझ्याच पत्रकाने वारा घेत तिने विचारलं, ‘तुझी समिती लई छापते. त्यातलं किती निभवते?’

मी दोन दिवस तिच्याकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण नव्या पत्रकाची फाइल पुन्हा कोणीतरी उघडली होती.

मग तो दुष्काळ आला. आमच्याकडच्या लोकांना कोणता ते सांगायला नको. लातूर शहराला आगगाडीने पाणी आलं, त्याचे फोटो देशभर छापून आले. आमच्या वाड्या-तांड्यांना आलं ते टँकरने आणि त्याचे फोटो कोणी काढले नाहीत. गावाबाहेर एका मोठ्या विहिरीवर मोटारी बसवून टँकर भरले जात. तिथे ठेकेदाराचा एक मुकादम संगणक घेऊन बसे. कोणता टँकर आला, कोणत्या गावाचा, पुढची पाळी कोणाची, हे तो यंत्रात लिही आणि तोंडाने सांगे. यंत्रात काय आहे आणि तोंडातून काय येतं, यात रोज फरक पडे. कोणाचा मेहुणा, कोणाचा पुढारी, कोणाच्या डब्यातलं मटण, यावर पाळी पुढेमागे होई. विचारलं तर म्हणे, ‘वरून फोन आला.’

वरून. आक्काच्या कानावर हा शब्द जायला नको होता.

तो नेला जिलानीभाईंनी. जिलानीभाई टँकर चालवत, आमच्या बाजूच्या वरच्या तांड्याला पाणी नेत. तांड्यातल्या सगळ्या विहिरी-बोअर कोरड्या. ते पेंडीच्या दुकानात येऊन टेकले आणि म्हणाले, ‘आक्का, पहाटेपासून लायनीत हाव. माझ्या मागून आलेले चार जण भरून गेले. तांड्यावर बाया घागरी मांडून बसल्या असतील. मी जाऊन काय सांगू, वरून फोन आला म्हणून?’

‘फोन कोणाचा?’

‘कोणाचा तरी.’

‘यारु?’ आक्का उभी राहिली.

पाळी लोकांना दिसेल अशी लावा, असा हुकूम तालुक्याहून मुकादमाकडे आधीच आलेला होता. तो बोट दाखवून म्हणे, ‘मी तयार हाय, यंत्र देत न्हाई.’ आणि हे मात्र खरं होतं. ठेकेदाराचा प्रोग्रॅम सकाळी पाळ्यांची फाइल उघडायचा आणि संध्याकाळपर्यंत घट्ट धरून ठेवी. दुसऱ्या कोणी मागितली की पुढची खिडकी सांगे, कोणीतरी उघडली आहे. आक्काने एक प्रोग्रॅम लिहिला. तो आतल्या खिडकीवर जाई, फाइल कोणी धरली आहे ते विचारी, आणि धरणाऱ्याच्या हातातून न ओढता, त्याच्या खांद्यावरून ती वाची. वाचलेलं बाहेर टांगलेल्या लाल दिव्यांच्या बोर्डावर येई. मुकादमाने बटण दाबलं की त्याच क्षणी बाहेर गावाचं नाव पेटे. लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, हे बंद झालं.

बोर्ड पहिल्यांदा पेटला तेव्हा ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. जिलानीभाई टपावर चढून म्हणाले, ‘आता फोन येऊ द्या वरून! बोर्डाला कान न्हाईत!’ मी त्यावर पत्रक काढलं. मुकादम तोंड पाडून चहा पीत होता. आक्का त्याला म्हणाली, ‘मुकादम, आता तुमच्यावर आळ येणार न्हाई. आनंद माना.’ तो आनंद मानताना दिसला नाही.

याच सुमारास नव्या जिल्ह्याच्या वावड्या उठल्या. आज घोषणा होणार, उद्या होणार. आमच्या समितीत मुख्यालय कोणत्या गावी असावं यावरून दोन गट पडून एकमेकांविरुद्ध पत्रकंही निघाली, दोन्ही मीच लिहिलेली. पण वावडीने एक झालं. जिल्हा होणारच आहे तर आधीच सज्ज असावं, असं कोणाच्या तरी मनात आलं आणि लातूरहून एक तंत्रज्ञ येऊन सगळीकडच्या जुन्या संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवून गेला. विहिरीवरच्यावरही. जिल्हा आला नाही. सिस्टिम आली.

आणि बोर्ड मेला.

‘आक्का, बोर्ड गेला की ओ,’ जिलानीभाई दारातूनच म्हणाले. ‘मुकादम पेढे वाटायचा बाकी हाय. म्हणतो, आता मी सांगीन तो नंबर.’

आक्काने स्कूटी काढली, मी मागे बसले. भर दुपार. विहिरीवर टँकरांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, काळा पडलेला बोर्ड खांबावर लटकलेला. मुकादम खुर्चीत मागे रेलला होता. ‘या आक्का. तुमचं यंत्र बसलं. आमचं तोंड चालू हाय.’

ती यंत्रापुढे बसली. एकेक ओळ लिहून उत्तरं वाचत राहिली. मी मागे उभी राहून पेटत होते. माझ्या डोक्यात पत्रकाचे मथळे जुळत होते. कट आहे हा! कोणी केलं? मुकादमाने तंत्रज्ञाला हाताशी धरलं? ठेकेदाराने? मी मोठ्याने म्हणाले, ‘आक्का, नाव सांगा फक्त. कोणी पाडला बोर्ड? उद्या गावभर लावते.’

रांगेतले ड्रायव्हर जवळ आले होते. आक्काने चष्मा काढला.

‘यारु?’ ती स्वतःशीच म्हणाली. मग खुर्ची मागे सरकवून उभी राहिली आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाली, ‘नाने.’

कोणाला कळलं नाही. तिने मराठीत सांगितलं. ‘मीच. मी पाडला.’

झालं होतं ते असं. आतल्या प्रत्येक खिडकीला नाव असतं आणि नंबरही असतो. नावाने विचारलं तर यंत्र स्वतःच त्या दिवशीचा नंबर शोधून तिथे नेतं. पण विहिरीवरच्या यंत्रातला अँटिव्हायरस या नावाने जायच्या वाटेवर बसून प्रत्येकाची झडती घेई आणि बोर्ड अडखळे. मधलं माणूस दिसलं की खाज सुटायची सवय. आक्काने नाव सोडलं आणि थेट नंबरानेच जायला सुरुवात केली. विहिरीवरच्या खोलीत नेट येत नव्हतं, तेव्हा तिथलं यंत्र कधी बदलणार नाही, असं तिने धरलं होतं. नव्या सिस्टिममध्ये आतले नंबर हलले. कालच्या खिडकीवर आज वेगळंच खातं बसलेलं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा लोक सवयीने जुन्याच जिल्ह्याच्या गावी जाऊन ओळखीचा बाबू शोधत राहायचे, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. आक्काचा प्रोग्रॅम तसाच जुन्या खिडकीवर गेला आणि पडला.

‘मग नवा नंबर घाला की,’ जिलानीभाई म्हणाले. ‘कितीसा वेळ लागतो?’

‘चहा प्यायला लागतो तेवढा,’ आक्का म्हणाली. ‘पण घालत न्हाई.’

मला वाटलं तिला ऊन लागलं.

‘आज घालीन, पुढच्या बदलाला परत मरंल. तवा मी हैदराबादला पोरीकडं असले तर? मुकादम काय वेगळं करत होता? त्याची ओळख वरती, माझी ओळख आतमधी. पाळी दोघांच्याबी ओळखीवर टांगलेली. तांड्याच्या पाण्याला माझी ओळख लागावी व्हय?’ मग तिने मुकादमाकडे वळून शांतपणे विचारलं, ‘तुमच्या ठेकेदाराला सांगा, प्रत्येक नोंदीला फाइलीची एक उघडी नक्कल काढायची. पुढच्या खिडकीतून वाचता येईल अशी. आणि काढतो म्हणून सहीनिशी छापून भिंतीला लावायचं. लावतो का?’

मुकादम हसला. ‘बघू. वर विचारतो.’

‘विचारा. तवर मी हाय.’

आणि ती जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

मुकादमाने एक नोंद केली. आक्का त्याच्या खांद्यावरून वाकली आणि बाजारातल्या सौद्यात ओरडावं तशी ओरडली, ‘पुढचा खालच्या वाडीचाऽऽ! त्याच्या मागं वरचा तांडा! जिलानीभाई, गाडी लावा!’

‘आक्का, असं मागं नका उभं राहू,’ मुकादम अवघडून म्हणाला.

‘तुमच्याकडं कोण बघून राहिलंय? मी फाइलीकडं बघून राहिले.’

‘बाई माणूस मागं उभं असल्यावर काम कसं करावं माणसानं?’

‘आजवर कसं केलं ते आम्ही बघितलंय. आता असं करा.’

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. शिवाप्पाने दुकानातून स्टूल आणि डब्यात भाकरी पाठवली. तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला तेव्हा ती मुकादमाच्या खांद्यावरून वाचे, माझ्या कानात सांगे आणि मी ओरडे. घोषणा हे नाव मला तेव्हा पहिल्यांदा शोभलं. पुढे ड्रायव्हर स्वतःच आळीपाळीने मागे उभे राहू लागले. जिलानीभाई मुद्दाम मुकादमाच्या कानापाशी खोकत. मुकादम एकदा शिंकला तर पाच जण मागून एकदम म्हणाले, ‘सांभाळून!’ वरून फोन आला की तो कानाला लावून कुजबुजे, ‘साहेब, नाही जमत. मागं माणसं उभी हायेत. नाही, वर नाही, मागं.’

शेवटी त्यानेच ठेकेदाराला गळ घातली. एके सकाळी भिंतीला छापील कागद लागला. प्रत्येक नोंदीनंतर उघडी नक्कल मिळेल, खाली सही आणि नाव. आक्काने नाव दोनदा वाचून खात्री केली. मग तिने तिचा सुंदर, जलद, खांद्यावरून वाचणारा प्रोग्रॅम पुसून टाकला आणि पुढच्या खिडकीतून मागणारा साधा लिहिला. नवा बोर्ड जरा उशिरा पेटे. बटण दाबल्यावर माणूस आळस देऊन घेईल एवढा. कोणी कुरकुर केली तर ती म्हणे, ‘उशिरा सांगतो. पण सांगीन म्हणून छापून दिलंय त्यानं.’

तो टँकरांचा उन्हाळा गेला. बोर्ड गोदामात गेला. आमचा नवा जिल्हा अजूनही पत्रकातच आहे आणि मी अजून लिहिते आहे, पण आता प्रत्येक मागणीखाली ती निभावायची कोणी, याचं नाव घालते. समितीला ते आवडत नाही. पत्रकं त्यामुळे आखूड झाली आहेत.

आतल्या खिडक्यांचा नाद तिने सोडला असं समजू नका. तो तिला सोडणं शक्यच नव्हतं. दुकानात ती पूर्वीसारखीच यंत्राला निळं लुगडं नेसवत राहिली. फक्त दुसऱ्याचं काम करताना नियम बदलला. आतून जायचंच असेल तर नावाने जायचं, आणि आतली खिडकी बंद मिळाली तर पुढची वाट तयार ठेवायची. ‘माझ्या खोलीत मी कशीबी जाईन,’ ती म्हणे. ‘दुसऱ्याचं पाणी घेऊन जाताना छापील रस्त्यानं.’

पुढे डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली आणि मुलीने तिला हैदराबादला बोलावलं. जाण्याआधी तिने माझ्याकडून एक पत्रक छापून घेतलं, आयुष्यातलं तिचं पहिलंच. तिने शोधलेल्या आतल्या खिडक्या, त्यांची नावं, काय मिळतं, कधी दगा दिला. वर मोठ्या अक्षरांत: याची कोणीही हमी दिलेली नाही. त्यातला ‘कोणीही’ तिला खटकला. तिने पेनने खोडून लिहिलं, ‘कंपनीने हमी दिलेली नाही, मीही देत नाही.’ आणि खाली पूर्ण नाव. अहमदपुरात ते पत्रक वाचणारे मोजके निघाले, पण बाजारातल्या काही दुकानांत त्याला अजून पेंडीचा वास येतो.

स्टँडवर सोडायला शिवाप्पा, जिलानीभाई आणि मी गेलो. हैदराबादची गाडी लागलेली, ड्रायव्हरची जागा रिकामी. आक्काने पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबली.

‘कंडक्टर, ड्रायव्हर कोण हाय?’

‘येईल की मावशी कोणीतरी.’

शिवाप्पाने कपाळाला हात लावला. आक्काने पाय खाली घेतला. आतले प्रवासी ओरडू लागले, जिलानीभाई हसून हसून खांबाला टेकले. कंडक्टर स्टँडच्या कचेरीत धावत गेला आणि ड्रायव्हरलाच हाताला धरून घेऊन आला. त्याने स्वतःचं नाव आणि गाव सांगितलं. ‘रेणापूरचा का? बरं बरं,’ म्हणत ती चढली. खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, ‘आता तुझं खरं नाव सांग. जाताना घेऊन जाते.’ मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. ‘चांगलं हाय. पण घोषणाच बरं.’ मग तळहात उघडून दाखवला, ‘शरणार्थ’ असा लिंगायतांचा नमस्कार केला आणि गाडी हलली.

आक्का आता नाही. हैदराबादच्या दवाखान्यात तिने शेवटपर्यंत प्रत्येक सुई टोचणाऱ्याला नाव विचारलं, असं मुलीने कळवलं.

तर वाचकहो, एवढं करा. उद्या कुठल्याही खिडकीवर, काचेच्या किंवा लाकडाच्या, तुम्हाला ‘कोणीतरी’ असं उत्तर मिळालं, तर बटण दाबून घरी येऊ नका. उभे राहा आणि विचारा, कोण? नाव मिळेपर्यंत त्याच्या खुर्चीमागून हलू नका. आणि विचारता विचारता त्या कोणीतरीच्या जागी तुम्हीच सापडलात, तर खुर्ची मागे सरकवा आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगा: नाने.